सोडा आणि व्हिनेगर एकत्र करावे का? : एक खुलासा

इंदूरच्या आमच्या मराठी घरांत दिवाळीच्या साफसफाईआधी एक कृती हमखास सांगितली जाते : खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करा, फेस जितका जास्त तितकी सफाई चांगली. घरात तीव्र रसायने नकोत ही त्यामागची इच्छा रास्त आहे, समजूत मात्र चुकीची आहे. व्हिनेगर आम्ल आहे आणि सोडा अल्कधर्मी. दोन्ही एकत्र येताच परस्परांचा गुण मारतात, फेसातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरते ते मुख्यतः सोडियम अ‍ॅसिटेट विरघळलेले पाणी, ज्याने तेलकट ओटा स्वच्छ होत नाही.

दोन्ही वस्तू वेगवेगळ्या वापराव्यात. बोअरिंगच्या जड पाण्याने तोटीवर बसणारा पांढरा, खरखरीत थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. नुसत्या व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके त्याभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवले, की तो सैल होतो आणि जुन्या टूथब्रशने निघतो. (संगमरवर त्याच पदार्थाचा असल्याने त्याला व्हिनेगर लावू नये.) करपलेल्या पातेल्याला ओलसर सोडा चोळावा.

लिंबू आणि सोडा चेहऱ्याला लावण्याची रीत मला अधिक काळजीची वाटते. त्वचेचा सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) साधारण ५ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ ते ३, सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर. दोन्हींनी त्वचेचे संरक्षक आवरण दुखावते, आणि लिंबू लावून उन्हात गेल्यास फोड व काळे डाग येऊ शकतात. साफसफाईच्या क्लोरीनयुक्त ब्लीचमध्ये तर व्हिनेगर किंवा लिंबू कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.