अपस्मार (फिट येणं)

अपस्मार म्हणजे आपण ज्याला फिट, आकडी, मिरगी किंवा फेफरं म्हणतो तोच. हा मेंदूचा आजार आहे, वेड नाही आणि बाहेरचं तर अजिबात नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेचे बारीक सिग्नल देत असतात, त्यातला एखादा गट अचानक एकदम आणि भलतेच सिग्नल सोडायला लागला की फिट येते. एकदा फिट आली म्हणून लगेच अपस्मार म्हणत नाहीत, काही तात्कालिक कारण नसताना 24 तासांहून जास्त अंतराने दोनदा आली की साधारण म्हणतात. लहान मुलांना ताप चढून येते ती वेगळी.

फिट म्हणजे अंग ताठ आणि तोंडाला फेस, एवढंच लोकांना माहीत असतं. पण पोरगं जेवताना घास हातात धरून पाच-दहा सेकंद नुसतं एकटक बघत राहतं, हाक मारली तरी ऐकत नाही आणि मग काही झालंच नाही असं परत जेवायला लागतं, तीही फिट असू शकते, आणि शाळेत त्यालाच 'लक्ष नाही' म्हणून ओरडा बसतो.

कारणं बरीच आहेत, जन्मताना ऑक्सिजन कमी पडणं, डोक्याला मार, स्ट्रोक, गाठ. आपल्याकडे पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत होणाऱ्या गाठी हेही मोठं कारण, आणि ती नीट न धुतलेल्या भाजीतूनही जातात, त्यामुळे शाकाहारी माणूसही सुटत नाही. पुष्कळदा कारण सापडतच नाही. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या सिग्नलांचा आलेख, नॉर्मल आला तरी अपस्मार असू शकतो.

जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे आणि नीट उपचार मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात. पण बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनाने बंद केल्या की फिट परत येऊ शकतात. तरी लग्न जमवताना लपवालपवी चालतेच, कारण हिंदू विवाह कायद्यातच 1976 च्या दुरुस्तीने, लग्नाच्या अटींमध्ये, अपस्माराला वेडाच्या झटक्यांशेजारी बसवलं होतं, तो शब्द निघायला 1999 उजाडलं.

समोर कुणाला फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर 108 ला फोन करा. शुद्धीवर आल्यावर माणूस थोडा वेळ गोंधळलेला असतो, तेव्हा पाणी पाजायची घाई नको, नुसतं जवळ बसून राहा.