पेट्रोलचा 2022 चा उच्चांक खरोखर उच्चांक होता का?

जून 2022 मध्ये अमेरिकेत साध्या पेट्रोलचा सरासरी दर गॅलनला 5.01 डॉलरवर पोहोचला आणि हा इतिहासातला सर्वांत चढा दर ठरला. एक गॅलन म्हणजे 3.785 लिटर. दरफलकावरच्या आकड्यापुरते हे खरे होते, पण डॉलरची किंमत मधल्या काळात घसरली होती. जुलै 2008 मध्ये हाच दर 4.11 डॉलर होता. त्या महिन्याचा ग्राहक किंमत निर्देशांक (महागाई मोजणारा आकडा) 219.964, तर जून 2022 चा 296.311. जुन्या दराला नव्या निर्देशांकाने गुणून जुन्या निर्देशांकाने भागले की 5.54 डॉलर येतात. म्हणजे 2008 चे पेट्रोल जास्त महाग होते.

गणित इतकेच आहे. घोळ होतो तो आकडे निवडताना. एका आठवड्याचा उच्चांक दुसऱ्या एखाद्या वर्षाच्या सरासरीशी ताडून पाहिला, तर निष्कर्ष हवा तसा फिरवता येतो. आठवड्याच्या दराला त्या महिन्याचा निर्देशांक लावावा, वार्षिक सरासरीला वर्षाचा. दुसरी चूक आधारवर्षाची. 1988 च्या आधीच्या छापील तक्त्यांत 1967 चा निर्देशांक 100 धरलेला असतो, नंतरच्यांत 1982–84 चा. दोन्ही मिसळले की उत्तर जवळपास तिपटीने चुकते.

वार्षिक सरासरी 2022 च्या डॉलरमध्ये आणली की चढउतार वेगळेच दिसतात. 1949 चे 27 सेंट म्हणजे सुमारे 3.30 डॉलर. 1972 चे 36 सेंट म्हणजे सुमारे 2.50. दरफलकावर दर वाढत होता, प्रत्यक्षात पेट्रोल स्वस्त होत होते. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी निर्यातबंदी लादली आणि कच्च्या तेलाचा जाहीर दर पिंपाला सुमारे 3 डॉलरवरून जानेवारी 1974 पर्यंत 12 च्या जवळ गेला. मग 1979 ची इराणमधली क्रांती आणि 1980 पासूनचे इराण-इराक युद्ध. 1981 ची सरासरी 1.38 डॉलर, 2022 च्या हिशेबात 4.44. 2022 ची वार्षिक सरासरी होती 3.95. पुढे 1985 च्या अखेरीपासून सौदी अरेबियाने उत्पादन वाढवले, भाव कोसळले, आणि 1998 मध्ये 1.06 डॉलरचे पेट्रोल 2022 च्या 1.90 डॉलरइतके स्वस्त झाले.

1981 च्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. त्या काळच्या निर्देशांकात घराचा खर्च मोजताना गृहकर्जाचे व्याजदर थेट धरले जात. व्याजदर भडकलेले होते, त्यामुळे महागाई फुगलेली दिसे. ही पद्धत 1983 मध्ये बदलली, पण जुने आकडे मागे जाऊन दुरुस्त केले नाहीत. नव्या पद्धतीने मागची वर्षे मोजणारी वेगळी मालिका आहे; तिच्यावर 1981 चा दर थोडा खाली येतो. शिवाय शिसेयुक्त पेट्रोलचे जुने दर आणि 1976 पासूनचे बिनशिशाच्या पेट्रोलचे दर एकाच रेषेत जोडले जातात, तेव्हा मधला सांधा तक्त्यात लिहिलेला असला पाहिजे.

सत्तरच्या दशकाबाबत तर दरच अपुरा पडतो. ऑगस्ट 1971 पासून जानेवारी 1981 पर्यंत या ना त्या स्वरूपात दरनियंत्रण होते. तुटवड्याचा भार किमतीत पूर्णपणे उतरू दिला नाही, म्हणून तो रांगेत उतरला: 1974 आणि 1979 मध्ये काही राज्यांत गाडीच्या क्रमांकानुसार सम-विषम दिवशी पेट्रोल मिळे. रांगेत गेलेले तास कोणत्याही निर्देशांकात नाहीत. 1974 चे 53 सेंट वाचताना हे लक्षात ठेवावे लागते.

गाडीचे ॲव्हरेजही बदलले. 1975 च्या कायद्याने 1985 पर्यंत नव्या मोटारींसाठी गॅलनला सरासरी 27.5 मैल, म्हणजे लिटरला सुमारे 11.7 किलोमीटर, हे उद्दिष्ट ठरवले. त्यामुळे घरखर्चाची तुलना करायची तर प्रतिगॅलनपेक्षा प्रतिकिलोमीटर खर्च काढणे जास्त रास्त.

करालाही हाच हिशेब लागू होतो. पेट्रोलवरचा अमेरिकेचा केंद्रीय कर 1993 पासून गॅलनला 18.4 सेंटच आहे. महागाईबरोबर तो वाढला असता, तर 2022 मध्ये सुमारे 37 सेंट झाला असता. दर भडकला की बोट कराकडे जाते, पण हा कर प्रत्यक्षात निम्म्यावर आलेला आहे.