लग्न दादरला, मूल नाशिकला: ताब्याचा अर्ज कुठे?

लग्न जिथे लागले किंवा वडिलांचे घर जिथे आहे, तिथल्याच न्यायालयात मुलाच्या ताब्याचा अर्ज करावा लागतो, हा समज मुंबईत अजून पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. त्याचे मूळ बहुधा घटस्फोटाच्या नियमात असावे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ नुसार विवाहस्थळाच्या न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज चालतो. ताब्याचा स्वतंत्र अर्ज मात्र पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ प्रमाणे, अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मूल जिथे सर्वसाधारणपणे राहते तिथे करावा लागतो. म्हणजे लग्न दादरला लागलेले असले, पण मूल आईबरोबर नाशिकला राहून तिथल्याच शाळेत जात असेल, तर वांद्रे-कुर्ला संकुलातील कुटुंब न्यायालयात नव्हे, नाशिकलाच जावे लागेल. सुटीत आजोळी गेलेले मूल तिथले रहिवासी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटल्याप्रमाणे मूल सर्वसाधारणपणे कुठे राहते, हा मुख्यतः वस्तुस्थितीचा प्रश्न असल्याने शाळेचा दाखला, लसीकरणाची नोंद असे साधे कागदच उपयोगी पडतात. घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच न्यायालयाकडे ताब्याचा आदेश मागता येतो, आणि ही सोय अनेकांना ठाऊकच नसते.