परीक्षेच्या भीतीचे नुकसान अभ्यासाच्या महिन्यांतच होते

2025 साली झालेल्या ‘नीट’ परीक्षेत 180 मिनिटांत 180 प्रश्न सोडवायचे होते. बरोबर उत्तराला 4 गुण होते आणि चुकलेल्या उत्तरामागे 1 गुण वजा होत होता. वैद्यकीय प्रवेशाच्या या परीक्षेसाठी लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत हजारो मुले घरापासून दूर राहून दोन-तीन वर्षे अभ्यास करतात, आणि पेपर अवघड गेला की त्यांच्यापैकी अनेकांच्या तोंडी एकच वाक्य येते: ‘येत होतं सगळं, पण पेपर हातात पडला आणि डोकं ब्लँक झालं.’

या वाक्यामागे एक गृहीतक आहे. ज्ञान डोक्यात तयार होते, भीतीने फक्त त्याची वाट अडवली, असे ते गृहीतक. मानसशास्त्रातही ते बराच काळ प्रचलित होते आणि त्यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. 2022 साली जर्मनीतील संशोधकांनी मात्र ते नेमकेपणाने तपासले. अंतिम राज्य परीक्षेची तयारी करणारे वैद्यकशाखेचे 309 विद्यार्थी एका डिजिटल व्यासपीठावर सराव करत होते, त्यामुळे परीक्षेपूर्वी कोणाला किती येत होते याची नोंद आपोआप उपलब्ध होती. हे पूर्वज्ञान हिशेबात धरल्यावर असे दिसले की परीक्षेची भीती जास्त असलेल्या विद्यार्थ्यांचे गुण प्रत्यक्ष परीक्षेत वेगळे घसरले नव्हते. भीतीचा संबंध दिसला तो तयारीच्या काळाशी, कारण घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ज्ञानात त्या काळात तुलनेने कमी भर पडली होती. एका अभ्यासावरून सगळ्या परीक्षांविषयी निवाडा करता येणार नाही, तरीही दीर्घ तयारीच्या परीक्षांसाठी मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण परीक्षागृहातील तीन तासांपेक्षा त्याआधीचे महिने कितीतरी अधिक आपल्या हातात असतात.

भीतीमुळे अभ्यास कसा बिघडतो, हे समजण्यासाठी तिचे दोन घटक वेगळे करावे लागतात. 1967 साली लीबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी काळजीचे विचार आणि शरीराची खळबळ यांत फरक केला. छातीची धडधड, तळहाताचा घाम, पोटातील गोळा ही झाली खळबळ. आणि ‘मला जमणार नाही’, ‘यंदाही गेलं तर घरी काय सांगू’ हे झाले काळजीचे विचार. कमी गुणांशी अधिक ठळक संबंध आढळतो तो या विचारांचा. आपण एखादे गणित सोडवताना किंवा नवा मजकूर समजून घेताना जी माहिती काही क्षण मनात धरून ठेवतो, ती कार्यस्मृतीत असते, आणि या स्मृतीची क्षमता जेमतेम तीन-चार घटकांएवढीच असते. काळजीचा विचार त्यातलीच जागा घेतो. सेंद्रिय रसायनशास्त्राचे पान उघडे असते, डोळे ओळींवरून फिरत असतात, पण रेणूंच्या अभिक्रियेचा क्रम धरून ठेवायला मनात जागाच उरत नाही; तासाभराने पान संपते आणि शिकणे मात्र फारसे झालेले नसते.

याहून मोठे नुकसान टाळाटाळीमुळे होते, असे मला वाटते. ज्या धड्याची भीती वाटते तो पुढे ढकलला जातो, आणि ‘आधी बॅकलॉग भरून काढतो, सिलॅबस पूर्ण झाला की टेस्ट देईन’ असे म्हणून सराव परीक्षा चुकवली जाते. त्या दिवशी मनाला हायसे वाटते, आणि हे हायसे वाटणेच सवय पक्की करते. पण आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे कळण्याचा एकमेव भरवशाचा मार्ग त्यामुळे बंद होतो, आणि स्वतःविषयीची शंका वाढत जाते, कारण तिला उत्तर देईल असा पुरावाच हाती नसतो.

स्वतःच्या तयारीविषयीचा आपला अंदाज किती फसवा असतो, हे रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्पष्ट दिसते. सूर्य आणि समुद्री पाणमांजर अशा विषयांवरचे छोटे उतारे त्यांनी विद्यार्थ्यांना शिकायला दिले. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. आपल्याला चांगले लक्षात राहील असा विश्वास मात्र वाचणाऱ्या गटालाच अधिक होता. पुन्हा पुन्हा वाचलेला मजकूर ओळखीचा होतो आणि ती ओळखच आपण ज्ञान समजतो. उलट आठवताना अडखळायला होते, म्हणून नेमके उपयोगी पडणारे कष्ट घेणारा विद्यार्थी स्वतःला कच्चा समजू लागतो. अभ्यास करताना ‘मला काहीच येत नाही’ असे वाटणे हा तयारी अपुरी असल्याचा पुरावा नाही, हे निदान त्या विद्यार्थ्याच्या शिक्षकांनी आणि आईवडिलांनी तरी जाणून घ्यायला हवे.

म्हणून धडा वाचून झाला की पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, मग पुस्तक उघडून राहिलेले आणि चुकलेले पाहावे, आणि दोन-तीन दिवसांनी तेच पुन्हा करावे. पूर्ण सराव परीक्षा शक्यतो खऱ्या परीक्षेच्या वेळी, म्हणजे नीटसाठी दुपारी दोन ते पाच, ओएमआर शीटवर गोल रंगवत द्यावी. तिचे गुण कमी आले तर घाव बसतोच. तेव्हा माहीतच नव्हते, माहीत होते पण आठवले नाही, आणि प्रश्न नीट वाचला नाही, अशा तीन प्रकारांत चुका वेगळ्या केल्या, की ‘मी ढ आहे’ या सरसकट निकालाच्या जागी करण्याजोगी कामे दिसू लागतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 साली मांडलेल्या सिद्धांतानुसार आपण अमुक करू शकतो हा विश्वास सर्वाधिक येतो तो स्वतः ते करून पाहिल्याच्या अनुभवातून. इतरांनी दिलेला धीर त्यामानाने लवकर ओसरतो.

अशा सरावाचा आणखी एक लाभ आहे. ताणाच्या वेळी मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. त्याची पातळी सुमारे वीस ते तीस मिनिटांत शिगेला पोचते आणि त्या काळात आठवण्याची क्रिया मंदावू शकते. 2016 साली अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांनी 120 जणांवर प्रयोग केला. काहींनी शब्द आणि चित्रे पुन्हा पुन्हा पाहून पाठ केली, तर काहींनी आठवण्याचा सराव करून. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी काहींना परीक्षकांसमोर आयत्या वेळी भाषण करायला आणि गणिते सोडवायला लावून ताण दिला गेला. नुसते पाहून शिकलेल्यांची स्मृती ताणाखाली घटली. आठवण्याचा सराव केलेल्यांची टिकून राहिली.

परीक्षेच्या दिवशीच्या धडधडीविषयी दोन गोष्टी. मानसशास्त्रज्ञ जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी 2010 साली जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना एवढेच सांगितले की शरीराची ही उत्तेजना कामगिरीला मदतही करू शकते. गणिताच्या भागात त्यांचे गुण इतरांपेक्षा चांगले आले. प्रयोग लहान होता, पण धडधड थांबवण्याच्या खटपटीत न पडता ती राहू द्यावी, हा त्यातला सल्ला निर्धोक आहे. शिवाय श्वास सोडताना हृदयाचे ठोके स्वाभाविकपणे किंचित मंदावतात, म्हणून काही मिनिटे श्वास सावकाश आणि लांब सोडला तर शरीर थोडे निवते. उत्तर आठवेना झाले तर तो प्रश्न सोडून पुढे जावे. अडलेली आठवण पुष्कळदा दुसऱ्या प्रश्नातील एखाद्या शब्दाने सुटते.

मात्र आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण तुटले असेल, अचानक श्वास कोंडल्यासारखे झटके येत असतील किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे सुरू झाले असेल, तर तो अभ्यासपद्धतीचा प्रश्न राहत नाही आणि तिथे डॉक्टरांचीच मदत लागते. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो चोवीस तास मोफत चालतो, मराठीतूनही बोलता येते, आणि मुलाऐवजी आईवडिलांनीही त्यावर फोन केला तरी चालतो.