मेंदूतल्या एव्हीएमची रेडिओसर्जरी आणि त्यातली गुंतागुंत

एव्हीएम म्हणजे मेंदूतल्या धमन्या आणि शिरा मधल्या केशवाहिन्यांशिवाय थेट एकमेकींना जोडल्या जाऊन झालेला गुंता. धमनीतलं जोरातलं रक्त सरळ शिरेत घुसतं, शिरेला तो दाब सोसत नाही आणि ती कधीतरी फुटू शकते. उपचार न केलेल्या एव्हीएममधे हा रक्तस्रावाचा धोका वर्षाला साधारण २ ते ४ टक्के धरतात. रेडिओसर्जरीत कवटी न उघडता अनेक दिशांनी बारीक किरण सोडून ते नेमके त्या गुंत्यावर एकत्र आणतात. हा शब्द स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मधे आणला, पुढे गामा नाइफ हे असे किरण सोडणारं यंत्र आलं आणि १९७० मधे स्टॉकहोमला एव्हीएमवर पहिल्यांदा हा उपचार झाला.

सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे किरण दिले म्हणजे गुंता त्याच दिवशी बंद होत नाही. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर दुखावतं, भिंत हळूहळू आतून जाड होत जाते आणि शेवटी वाट बुजते, याला २ ते ३ वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. तोपर्यंत रक्तस्रावाचा धोका डोक्यावर असतोच. पेशंट दुसऱ्या दिवशी घरी येतो, कपाळावर डोकं स्थिर ठेवायला बसवलेल्या फ्रेमच्या स्क्रूच्या बारीक खुणा सोडल्या तर काही दिसत नाही, घरच्यांना वाटतं झालं एकदाचं, पण खरी वाट बघणं तिथून सुरू होतं. जपानमधल्या ५०० पेशंटच्या २००५ सालच्या अभ्यासात उपचाराआधीच्या तुलनेत या मधल्या काळात रक्तस्रावाचा धोका ५४ टक्क्यांनी आणि गुंता बंद झाल्यावर ८८ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे कमी होतो, शून्य होत नाही.

सुरुवातीचे त्रास बहुतेक किरकोळ, डोकेदुखी, मळमळ, स्क्रूच्या जागी दुखणं, क्वचित फिट.

खरी गुंतागुंत साधारण ६ ते १८ महिन्यांनी येते. गुंत्याभोवतीच्या चांगल्या मेंदूला सूज येते, एमआरआयवर तिथे पांढरा पट्टा उमटतो. असा बदल जवळजवळ एक तृतीयांश पेशंटमधे दिसतो, पण बहुतेकांना तो जाणवतही नाही, लक्षणं साधारण १० पैकी एकाला येतात आणि कायमचं नुकसान त्याहून बरंच कमी जणांना. लक्षणं जागेवर अवलंबून, हाताचं काम सांभाळणाऱ्या भागाजवळ गुंता असेल तर शर्टाचं बटण लावताना बोटं अडखळतात, पेन हातातून निसटतं, आणि उपचाराला वर्ष होत आलेलं असल्यामुळे त्याचा संबंध कुणी लावतच नाही, म्हणून ही गोष्ट घरच्यांना आधीच नीट सांगून ठेवायला हवी असं मनापासून वाटतं. सूज उतरवायला स्टिरॉइड देतात, दाद मिळाली नाही तर बेव्हॅसिझुमॅब हे औषध, आणि पेशी मरून गोळा दाब द्यायला लागला तर ऑपरेशन.

धोका किती हे मुख्यतः किती मेंदूला किती डोस बसला यावर ठरतं. डॉक्टर १२ ग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त डोस मिळणाऱ्या भागाचं आकारमान बघतात, ते वाढलं की त्रास वाढतो. ब्रेनस्टेम आणि थॅलॅमस या मेंदूतल्या खोल, नाजूक भागांमधे थोडी सूजही महागात पडते. इथेच खरा पेच आहे, डोस कमी केला तर गुंता बंद होत नाही आणि वाढवला तर शेजारचा मेंदू भाजतो. म्हणून मोठ्या गुंत्याचे भाग पाडून काही महिन्यांच्या अंतराने किरण देतात.

काही गोष्टी फार उशिरा येतात. गुंता पूर्ण बंद झालेला, अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या तपासणीत) पक्कं झालेलं, तरी ५-१० वर्षांनी किंवा त्यानंतरही त्या जागी पाण्याची गाठ किंवा जुन्या रक्ताचा कोष तयार होऊ शकतो, आणि तो वाढत गेला तर डोकेदुखी, फिट, अशक्तपणा सुरू होतो. किरणांमुळे नवा ट्यूमर होणं फारच दुर्मिळ, पण नोंदलं गेलंय. त्यामुळे गुंता बंद झाल्याचा रिपोर्ट हातात आल्यावरही काही वर्षांच्या अंतराने एमआरआय चालूच ठेवतात.