डोंगरातली स्नोमोबाईल आणि पाऊंड-पाऊंड वजन काढायचा नाद

आपल्यातल्या बहुतेकांनी स्नोमोबाईल बघितलीय ती गुलमर्गला, मागे बसून फोटो काढण्यापुरती. पण तिकडे अमेरिकेतलं वायोमिंग, मोंटाना, आयडाहो, कॅनडातलं ब्रिटिश कोलंबिया, इथली लोकं हीच गाडी घेऊन ट्रेल सोडून कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात उभ्या चढाला घुसतात. आणि त्यातले कित्येक जण नवीकोरी गाडी घरी आणली की आधी पाने घेऊन बसतात, कंपनीचे पार्ट काढायचे आणि बाहेरचे हलके बसवायचे. हा नाद कुठून आला ते बघू.

खरंतर ही गाडी जन्मापासूनच वजनापाशी अडलेली. कॅनडात क्यूबेकमधल्या वाल्कूरचा जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए, 1934 च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा आजारी पडला आणि रस्ते बर्फात बंद म्हणून हॉस्पिटलला नेता आलं नाही, मूल गेलं. पुढे 1937 ला त्याने पेटंट मिळवलं आणि बर्फावरच्या सात माणसांच्या बंद गाड्या विकायला लागला. एक-दोन माणसांची छोटी गाडी त्याच्या डोक्यात होतीच, पण तेवढं हलकं आणि भरवशाचं इंजिनच मिळत नव्हतं. ते मिळालं पन्नाशीच्या दशकात, मग 1959 ला त्याची छोटी स्नोमोबाईल, स्की-डू, आली.

त्यानंतरची बरीच वर्षं या गाड्या सपाट ट्रेलसाठीच बनायच्या. ट्रॅक, म्हणजे गाडीखाली फिरणारा रबरी पट्टा, 121 इंची, त्यावरचे रबरी दात इंचभरही नाहीत. डोंगरात नेली की दोन भानगडी. एक म्हणजे हवा. दर हजार फुटांना इंजिनची साधारण 3 टक्के ताकद जाते, म्हणजे दहा हजार फुटांवर तुमच्या दीडशे हॉर्सपॉवरचे 105 उरले, आणि गाडीचं वजन मात्र आहे तेवढंच! दुसरी भानगड म्हणजे रुतणं. ट्रॅक फिरतो, स्वतःच खड्डा खणतो, गाडीचं बूड खाली बसतं, मग स्की धरून ओढा, फावड्याने बर्फ काढा, आणि हे सगळं विरळ हवेत धापा टाकत. दिवसातून चारदा असं झालं की दहा पाऊंड म्हणजे काय ते पाठीला बरोबर कळतं.

त्यात वायोमिंगमधल्या जॅक्सनच्या स्नो किंग डोंगरावर 1976 पासून चढाच्या शर्यती सुरू झाल्या, त्यामुळे गॅरेजमधल्या खटपटीला अजून जोर आला. नव्वदीत कंपन्यांनीही खास डोंगरी मॉडेलं काढली, स्की-डूची समिट, पोलॅरिसची आरएमके. ट्रॅक 136 वरून वाढत 150-160 इंचांवर गेले, दात अडीच-तीन इंचांचे झाले. लांब ट्रॅकने गाडी बर्फावर तरंगते हे खरं, पण ट्रॅकचंही वजन असतंच की! ते भरून काढायचं तर दुसरीकडे कात्री लावणं आलं.

पहिला बळी सायलेन्सरचा, तिकडे त्याला कॅन म्हणतात. बॉनेटखालचा तो पत्र्याचा बोजड डबा दोन-चार स्प्रिंगांवर धरलेला असतो, आकड्याने स्प्रिंग ओढल्या की अर्ध्या तासात बाहेर, आणि जागेवर हलकं नळकांडं. सगळ्यात कमी मेहनतीत सगळ्यात जास्त वजन इथेच निघतं, पण कान किटतात. सत्तरीच्या दशकापासून नवीन गाड्यांना 50 फुटांवरून 78 डेसिबलची मर्यादा आहे, कॅन बदलला की ती गेली उडत, मग आसपासचे लोक वैतागतात. माझ्या मते हा सौदा महागच.

मग लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवेवरचे शॉक, काहींनी टायटॅनियमच्या स्प्रिंगा बसवल्या, लिथियम बॅटरी, पातळ सीट (जाड फोमची सीट पाणी पिते ते वेगळंच). पाय ठेवायच्या पट्ट्यांचं मला फार आवडतं, मोठी भोकं पाडलेल्या पट्ट्या, त्याने धातू तर वाचतोच पण बर्फ साचून थर धरायच्या ऐवजी खाली पडून जातो, म्हणजे रस्त्यात वाढणारं वजनही कमी. आणि चेनकेसच्या, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या चेनच्या तेल भरलेल्या डब्याच्या जागी दातेरी बेल्ट. तेलात बुडालेली चेन गेली, तेल गेलं, शिवाय हे फिरतं वजन, ते कमी झालं की थ्रॉटल दाबताच गाडी उसळते, नुसता पत्रा काढून तसं होत नाही.

कंपन्यांना हे दिसत होतंच. पोलॅरिसने 2011 च्या प्रो-आरएमकेला जोड चिकटवलेली अ‍ॅल्युमिनियम चेसिस आणि कार्बन फायबर वापरलं, 2013 ला बेल्ट ड्राइव्हही स्वतःच दिला. स्की-डूने 2018 च्या मॉडेलला बॅटरीच काढून टाकली, दिवसातून पहिल्यांदा दोरी ओढून चालू करायची, त्यात कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) चार्ज होतो आणि मग थोड्या वेळासाठी बंद केली तर बटणावर चालू. आता ब्रोशरमधला आकडा बघताना एवढंच ध्यानात ठेवा की तो बहुतेक वेळा ड्राय वेट असतो, म्हणजे पेट्रोल, ऑइल, कूलंट काही नाही. टाकीत अकरा-बारा गॅलन भरलं की नुसत्या पेट्रोलचेच सत्तरएक पाऊंड.

2020 ला समिटमध्ये कंपनीचाच टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) आला, म्हणजे उंचीवर जाणारी ताकद परत मिळवायची सोय झाली, पण टर्बो आणि त्याच्या पाइपांचं वजन वाढलं. ते भरून काढायला लोकांनी परत कॅनच्या स्प्रिंगा ओढल्याच.