डोरेमॉन हिंदीत का बोलतो?

मुंबईतल्या मराठी घरात सहा-सात वर्षांचं मूल ‘आई, मी गिरलो’ किंवा ‘माझी मदत कर ना’ म्हणालं, की ठपका कार्टूनवर येतो. आजीच्या लेखी हे परदेशी खूळ. पण डोरेमॉन या निळ्या रोबो-बोक्याच्या जपानी गोष्टीतून मूल जपानी नव्हे, हिंदी उचलत असतं.

वरळीचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. मुलांसाठी मराठीत ‘किलबिल’ असे, आणि चाळीत एका टीव्हीपुढे अर्धा मजला बसे. परदेशी मालिका तेव्हाही होत्याच. ‘ही-मॅन’ अमेरिकी होता. १९९३च्या ‘जंगल बुक’ची गंमत वेगळी. मूळ पुस्तक मुंबईत जन्मलेल्या इंग्रजाचं, चित्रं जपानी, हिंदी शीर्षकगीत गुलजारांचं. त्यावर वाढलेले आजचे आईबाप ते अस्सल देशी समजतात आणि मुलाला ‘आमच्या वेळी बघ कसं चांगलं होतं’ म्हणून ऐकवतात.

१९९१ मध्ये उपग्रहावरून स्टार टीव्ही आला, १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क. सुरुवातीला ते इंग्रजीत होतं आणि रात्री त्याच जागी इंग्रजी सिनेमे लागत, त्यामुळे जेवणाच्या वेळी भांडण नव्हतं. पुढे कार्टून चोवीस तास झालं. त्याआधीच, १९९९ मध्ये, अल्फा मराठी (आजचं झी मराठी) सुरू झाल्याने आजीला रोज संध्याकाळची मालिका मिळाली होती. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही एक, रिमोट एक. संस्कृतीच्या नावाने झालेली बरीच भांडणं मुळात सात ते नऊ या वेळेची होती.

त्यावर उपाय लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळे: केबलला स्प्लिटर लावून आतल्या खोलीत दुसरा टीव्ही. पण एका तारेचे दोन फाटे केले की सिग्नल निम्मा होतो. वरच्या बँडमधले चॅनेल आधी मुंग्यांनी भरत, लांब तार टाकली तर आणखीच. २०१२च्या अखेरीस मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाल्यावर हा जुगाड संपला. दुसऱ्या टीव्हीवर वेगळं काही बघायचं तर दुसरा बॉक्स, दुसरं भाडं.

भाषेचं कारण बाजारात आहे. टीव्हीच्या जाहिरातीचा हिशेब करणारे महाराष्ट्राला हिंदी समजणाऱ्या पट्ट्यात धरतात. म्हणून लहान मुलांच्या चॅनेलना हिंदीसोबत तमिळ आणि तेलुगू ध्वनी मिळाला, तेव्हा मराठी मागे राहिली. २००४ मध्ये हंगामा टीव्ही आला, २००५ पासून त्यावर डोरेमॉन दिसू लागला. मुलं रोज तासन् तास तेच संवाद ऐकू लागली. कधी प्रत्यय मराठीच राहतो, क्रियापद तेवढं हिंदी होतं, म्हणून ‘पडलो’चं ‘गिरलो’. कधी शब्द मराठी, रचना हिंदी, म्हणून ‘मला मदत कर’चं ‘माझी मदत कर’. बांगलादेशातही हेच झालं: मुलं हिंदी बोलू लागल्याच्या तक्रारीवरून २०१३ मध्ये तिथे हिंदी डोरेमॉनवर बंदी आली.

शिनचॅन या दुसऱ्या जपानी कार्टूनवरचा राग जास्त सयुक्तिक होता. हे पात्र १९९० मध्ये मोठ्यांसाठीच्या जपानी चित्रकथा-मासिकात जन्मलं, आणि तिथल्या पालकांनीही त्याच्या तोंडाळपणाबद्दल कटकट केली आहे. भारतात २००८ मध्ये ते सरकारी आक्षेपावरून बंद झालं, काटछाट होऊन परतलं. आईला नावाने हाक मारायची सवय मात्र काटछाटीत जात नाही.

स्वयंपाकघरात याहून गोड तह झाला. डोरेमॉनचा आवडता, हिंदी संवादातला ‘डोरा केक’ म्हणजे दोरायाकी: दोन जाड घावन, मध्ये गोड केलेल्या लाल अझुकी कडधान्याचं सारण. मुंबईत अझुकी सहज मिळत नाही, म्हणून घरोघरी चॉकलेटवर भागवतात. खरं तर आजीचं पुरण जास्त जवळचं, फक्त वेलची-जायफळ वगळायचं आणि ते कोरडं होईपर्यंत आटवायचं, नाहीतर घावन ओला होतो. एक वाटी मैदा, अर्धी वाटी साखर, दोन अंडी, चमचाभर मध, पाव चमचा सोडा आणि लागेल तसं पाणी. पीठ सोडलं की जाडसर ओघळावं. पंधरा मिनिटं झाकून ठेवावं. तव्यावर तेल ओतलं की चट्टे उठतात. तेलाचं फडकं फिरवून पुसून घ्यावं. आंच मंद हवी, कारण साखर आणि मध लवकर करपतात आणि आत पीठ कच्चं राहतं. वर बुडबुडे फुटले की एकदाच उलटायचं. डोरेमॉन खातो तसा तपकिरी, गुळगुळीत रंग यानेच येतो.

२०१६ नंतर स्वस्त डेटा आला, मूल मोबाइलवर गेलं आणि रिमोटचं भांडण आपोआप मिटलं. टीव्हीवर आजीची मालिका निवांत चालते. मुलाच्या कानात इअरफोन, पुढे ब्रिटिश डुकरीण ‘पेपा पिग’. ते आता ‘गिरलो’ऐवजी इंग्रजी वाक्यं बोलतं, आणि ती कुणी दुरुस्त करत नाही, पाहुण्यांसमोर पुन्हा म्हणून दाखवायला सांगतात.